बंधारा ओलांडून डोंगराकडे

पावसाळ्यात कोल्हापूरच्या कसबा बावड्याचे नाव महाराष्ट्रभर ऐकू येते ते राजाराम बंधाऱ्यामुळे. पंचगंगेची पातळी इथे मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका; २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर आकडा ५५ फुटांच्या वर गेला होता. त्या दिवसांत बंधारा पाण्याखाली असतो, त्यावरचा रस्ता बंद असतो आणि पलीकडच्या वडणगे-निगव्याला जायचे तर शहरातून वळसा पडतो. दसरा-दिवाळीपर्यंत पाणी उतरते. बंधाऱ्यात बरगे घालायची लगबग सुरू होते, राजाराम कारखान्याचा हंगाम तोंडावर येतो, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरतात. याच सुमारास आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि नदीपलीकडच्या शिवारांवरून वायव्येला पाहिले की जोतिबाचा डोंगर दिसतो. त्याच्या डाव्या हाताला पन्हाळ्याची आडवी रेघ. हिवाळ्यात फिरायला कुठे जायचे, हा प्रश्न बावड्यातल्या माणसाला फारसा पडत नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की कुणाबरोबर आणि घरी काय सांगून.

थंडीत चार मित्र मिळून डोंगर चढायचा, जमल्यास जोडीने जायचे, वर जाऊन खायचे आणि संध्याकाळी उतरायचे, ही हौस साहेबाने शिकवली असे सर्रास मानले जाते. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास माल्कमने वसवले, माथेरान १८५० मध्ये मॅलेटने शोधले, आणि मग आपण डोंगरावर हवा खायला जाऊ लागलो, असा एकूण हिशेब. पण साहेब डोंगरावर जाई तो उन्हाळ्यात, उकाड्याला कंटाळून. हिवाळ्यात तो खालीच असे. पौष-माघाच्या गारठ्यात पहाटे घराबाहेर पडून डोंगर चढण्याची बावड्याची रीत त्याच्या हिशेबात बसत नाही. तिचे मूळ जोतिबाच्या वाटेवर शोधावे लागते.

त्याआधी पन्हाळ्याचा विषय संपवलेला बरा, कारण पन्हाळा जुना असला तरी सहलीचा पन्हाळा फार जुना नाही.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळा बांधला. तेव्हापासून पुढची साडेसहाशे वर्षे गड म्हणजे पहारा, दाणागोटा आणि बंद दरवाजे. हिवाळा हा तिथे हौसेचा नव्हे, मोहिमेचा काळ. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, नद्या उतरलेल्या असत, शेतात दाणा असे. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान मारला गेला आणि अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. गड पाहण्याची त्यांना इतकी ओढ होती की त्याच रात्री मशालींच्या उजेडात त्यांनी तो फिरून पाहिला, असे सांगतात. पन्हाळ्यावर रात्री हिंडण्याची हौस असणाऱ्यांना यापेक्षा मोठा दाखला मिळायचा नाही. त्यानंतर बरोबर महिन्याने, २८ डिसेंबरला, खाली कोल्हापूरच्या मैदानात रुस्तुमेजमानच्या आदिलशाही फौजेचा पराभव झाला. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंतचा, बाजीप्रभूंची घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, आषाढातली. म्हणून पन्हाळा ते पावनखिंड ही आजची पदभ्रमंतीही भर पावसात, जुलैमध्येच होते. कोल्हापूरच्या ‘हिल रायडर्स’सारख्या संस्थांनी ती अनेक वर्षे चालवली आहे. मात्र ती चिखलात, जळवांच्या संगतीने करायची आठवणीची वारी आहे. रमतगमत फिरण्याचा प्रकार तो नव्हे.

जोडीने पन्हाळ्यावर येण्याची इतिहासातली सर्वांत थरारक नोंद मात्र हिवाळ्यातली आहे. संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले होते. २० नोव्हेंबर १६७९ च्या रात्री ते त्या छावणीतून निसटले. जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात लिहिले आहे की येसूबाई त्यांच्याबरोबर पुरुषी वेशात घोड्यावर होत्या आणि सोबत मोजके स्वार होते. विजापूरमार्गे दौड करून डिसेंबरच्या आरंभी ते पन्हाळ्यावर पोहोचले. जानेवारी १६८० मध्ये महाराज तिथे त्यांना भेटले. बापलेकांची ती शेवटची भेट ठरली. पन्हाळ्यावर जाणाऱ्या जोडप्यांना गाइड लोक बाजीप्रभूंची, शिवा काशिदांची कथा रंगवून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण मोगली छावणीतून थंडीच्या रात्री नवऱ्याच्या बरोबरीने घोडा फेकत आलेली येसूबाई त्या कथनात क्वचितच येते. ती यायला हवी.

गडाची शिस्त किती कडक होती ते पाहायचे तर रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे चाळावीत. त्यांतल्या दुर्गप्रकरणात गडाची वाट सोपी नसावी, असलीच तर मोडून तिच्यावर झाडी वाढवावी, घेऱ्यातली झाडी राखावी, असे सांगितले आहे. पंतांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. शनिवारी दुपारी तिच्याजवळ उभे राहून चढणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली तर वाट अवघड ठेवण्याचा त्यांचा सल्ला फारसा कुणी ऐकलेला दिसत नाही.

ही शिस्त मोडली ती १८४४ मध्ये. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांना कारभारी नेमले होते. त्यांनी पिढीजात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत आणल्या. गडाची राखण हेच ज्यांचे वतन, त्या माणसांच्या पायाखालचा दगडच काढला गेला. सामानगडावर बंड पेटले, ते पन्हाळा-विशाळगडापर्यंत पसरले. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला बंडवाल्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रजांनी पन्हाळा जिंकला आणि चार दरवाजा पाडून टाकला. त्याचे अवशेष आजही गडावर शिरताना रस्त्यालगत दिसतात. त्यानंतर पन्हाळा लष्करी अर्थाने गड राहिला नाही. तालुक्याची कचेरी, बाजार, काही बंगले असे एक छोटे गाव उरले. सूर्यास्तानंतर वर-खाली करायला बंदी घालणारा दरवाजाच नाहीसा झाला. पन्हाळ्याच्या सहलीचा इतिहास खऱ्या अर्थाने त्या पाडलेल्या दरवाजापासून सुरू होतो, हे जरा कडू असले तरी खरे आहे.

जोतिबाला दरवाजाची अडचण कधीच नव्हती.

वाडी रत्नागिरी हे गावाचे नाव. लोकांच्या तोंडी डोंगर आणि देव दोन्ही जोतिबाच. केदारनाथाचे, म्हणजेच जोतिबाचे, सध्याचे मोठे देऊळ १७३० मध्ये ग्वाल्हेरच्या राणोजी शिंद्यांनी बांधले, शेजारचे केदारेश्वराचे १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी, आणि रामलिंगाचे १७८० मध्ये पन्हाळ्याच्या एका गृहस्थाने. चैत्र पौर्णिमेची यात्रा, तिथल्या उंच सासनकाठ्या, हे सगळे सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने खेटे कमी ठाऊक आहेत, आणि आपल्या विषयाला खेटेच जास्त जवळचे.

कथा अशी सांगतात. रत्नासुराचा वध करून केदारनाथ परत हिमालयाकडे निघाले. करवीरची अंबाबाई अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि तिने त्यांना थांबवून घेतले. तिच्या त्या चालण्याची आठवण म्हणून माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी कोल्हापूरकर अनवाणी जोतिबाला जातात. असे पाच रविवार, पाच खेटे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा हा काळ. दिवसा ऊन चावायला लागलेले असते, पहाट मात्र अजून हिवाळ्याचीच. म्हणून माणसे पहाटे तीन-चारला निघतात. शहरातले पंचगंगा घाटावरून शिवाजी पूल ओलांडतात. बावड्यातल्यांना तेवढे लांब जायची गरज नाही. त्यांना बंधारा जवळचा. पुढे वडणगे, निगवे, कुशिरे, मग गायमुख आणि शेवटची चढण. पंधरा-सोळा किलोमीटर, चार तासांची वाट, पायांत काही नाही.

ही वाट जवळून पाहण्यासारखी आहे. नदीकाठी गारठा सर्वांत जास्त असतो, कारण रात्रीची थंड हवा जड होऊन खोलगटात उतरते. उसाच्या फडांवर धुके बसते आणि डांबरी रस्ता तळपायाला बर्फासारखा लागतो. निगव्यापर्यंत बोलणे कमी, चालणे जास्त. मफलर कानावर, हात खिशात. वाटेत कुठे गुऱ्हाळ चालू असेल तर लांबूनच चुलाणाचा लाल उजेड आणि रस उकळल्याचा वास येतो. कुशिऱ्याच्या पुढे चढ लागला की अंग गरम होते, मफलर कमरेला जातो आणि पुढच्या टोळक्यातून ‘जोतिबाच्या नावानं...’ अशी हाळी आली की मागच्यांनी ‘चांगभलं’ म्हणून ती उचलायची. डोंगरावर पोहोचेपर्यंत उजाडते. देवळाच्या आवारात गुलाल आणि खोबरे उधळलेले असते, दवण्याचा वास असतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचा सदरा गुलाबी.

वाकडी वाट करायची तयारी असेल तर पोहाळ्याची बौद्ध लेणी याच डोंगराच्या अंगाला आहेत. म्हणजे जोतिबाचे देऊळ उभे राहायच्या कितीतरी आधी इथे माणसे चढत होती आणि शांतपणे बसायला जागा कोरत होती. खेट्याला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

आता यात मौज कुठे आली, असे कुणी विचारेल. मौज आहेच. अनवाणी चालण्याचा नेम ज्याचा त्याचा, पण चालायचे ते टोळक्याने. कोल्हापुरात मैत्रीचा कारभार पेठ, गल्ली आणि तालीम यांवर चालतो. बावड्यातही मित्र म्हणजे एका तालमीतली, एका मंडळातली, एका वर्गातली मुले. रात्री दहाला झोपायचे सोडून तिथेच पत्ते कुटत बसायचे आणि तीनला निघायचे, हा पुष्कळांचा खेटा. येताना वडणग्याच्या शिवारात कुणाच्या तरी ओळखीच्या रानात हरभरा उपटून हावळा भाजायचा, शाळू अजून कोवळा असेल तर तोही, आणि काळ्या झालेल्या तोंडांनी घरी यायचे. देवाने थकवले आणि हावळ्याने भरून काढले. आई-वडिलांनी ‘कुठं निघालास?’ म्हणून विचारले तर ‘जोतिबाला’ या उत्तरापुढे कुणाचा विरोध चालत नसे. रात्री-अपरात्री घराबाहेर राहण्याची ही गावातली बिनतक्रार परवानगी होती. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ती देवाच्या नावावर वापरली.

जोडप्यांचेही तसेच. एकत्र कुटुंबात, चार जावांच्या आणि सासूच्या देखत, नवऱ्याने बायकोला घेऊन सहलीला जाणे ही गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कल्पनेतही न येणारी गोष्ट. पण लग्नानंतरचे देवदेव चुकवता येत नसे. ज्यांचे कुलदैवत जोतिबा, त्यांना तर नव्या नवरीला घेऊन डोंगर चढावाच लागे. आधी बैलगाडीने पायथ्यापर्यंत, पुढे पायी. सोबत दीर, नणंद, करवली असत, पण चढणीवर वाट अरुंद होते आणि माणसे आपोआप दोघा-दोघांत विभागली जातात. ज्या नवराबायकोला लग्नानंतर महिनाभर चारचौघांत धड एक वाक्य बोलता आले नव्हते, त्यांना जोतिबाच्या पायऱ्यांवर ते बोलता आले, असे बावड्यातल्या म्हाताऱ्या अजूनही हसत हसत सांगतात. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत आहे. जोतिबाला तेवढा गाजावाजा नाही. इथे दोघांनी एका दमाने चढले की झाले.

डोंगराकडे जाण्याची दुसरी वाट राजवाड्यातून गेली, आणि तीही बावड्यातूनच. राजर्षी शाहूंचा जन्म २६ जून १८७४ ला कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. बावडा रस्त्यावरचा नवा राजवाडा मेजर मँटच्या आराखड्यावर १८८४ पर्यंत पुरा झाला. महाराजांना शिकारीचा मोठा नाद. माणसाळवलेल्या चित्त्यांकडून हरणांची शिकार करवणारा चित्तेखाना संस्थानात होता. पन्हाळ्याच्या परिसरात त्यांनी चहा-कॉफी लावून पाहिली. राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेतले. त्याच्या वरच्या अंगाचे दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान. या सगळ्यात सामान्य माणूस असे तो हाकारा घालायला, नाहीतर सामान वाहायला. तरीही या रानाचा पुढे सामान्यांनाच उपयोग झाला. १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांसाठीचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले, राज्यातले पहिले. १९८५ पासून ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते आणि त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. शिकारीसाठी राखले म्हणून उरले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

दाजीपूर, गगनबावडा, अगदी विशाळगड हे सगळे बावड्यापासून पन्नास किलोमीटरच्या पलीकडचे. तिकडे जायला वाहन हवे. म्हणून एसटी येईपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, मित्रमंडळींची धाव जोतिबा-पन्हाळ्यापर्यंतच राहिली. राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढच्या काही वर्षांत पन्हाळ्यालाही गाड्या नियमित जाऊ लागल्या आणि शाळांच्या सहली सुरू झाल्या. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे, सज्जाकोठी, तीन दरवाजा आणि पुसाटीचा बुरूज, या क्रमाने मुलांना फिरवायचे आणि तबक उद्यानात डबे उघडायचे, हा कार्यक्रम दोन-तीन पिढ्यांनी केला आहे. थोर कवी मोरोपंत १७२९ मध्ये इथेच जन्मले, हे मास्तर सांगत आणि मुले विसरत.

एसटीपेक्षा मोठी क्रांती सायकलीने केली. कोल्हापुरात तासावर सायकल मिळे. रविवारी पहाटे भाड्याच्या सायकली घेऊन वाघबीळपर्यंत पायडल मारायचे, तिथून पुढच्या चढाला उतरून ढकलायच्या, आणि परतताना पूर्ण उतार ब्रेकच्या भरवशावर सोडायचा. उशीर झाला तर दुकानदाराची शिवी आणि जास्तीचे भाडे. बसच्या वेळापत्रकाला बांधलेला माणूस गडावर संध्याकाळ पाहू शकत नाही. सायकलवाल्याला ती पाहता आली. पुसाटीच्या बुरुजावरचा सूर्यास्त कोल्हापूरच्या तरुणांचा झाला तो सायकलीमुळे. त्याच काळात कोल्हापूरच्या चित्रपट कंपन्या पन्हाळ्यावर बाहेरचे चित्रण करीत. गाण्यातले नायक-नायिका ज्या तटावरून चालले, त्याच तटावर रविवारी आपण चालतो, याची गंमत काही औरच होती.

मग स्कूटर आली. बजाज चेतकचे उत्पादन १९७२ मध्ये सुरू झाले, त्याच सुमारास लुना आली, आणि १९८५ पासून हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी. यांनी घडवलेला बदल एका वाक्यात मावतो: मागची सीट. तोवर डोंगरावर जाणे हा समूहाचा उद्योग होता, आता तो दोघांचा होऊ शकला. नवीन लग्न झालेली जोडपी रविवारी जेवण उरकून दुपारी निघू लागली. सासूबाईंना ‘जोतिबाला जाऊन येतो, आई’ असे सांगायचे, देवाला हात जोडायचे, कपाळाला गुलाल लावायचा आणि दानेवाडीकडून पन्हाळा गाठायचा. गुलाल पुराव्याला पुरे. १९८४ मध्ये बावड्यात डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्यानंतर पाच वर्षांनी वैद्यकीय महाविद्यालय. परगावच्या हजारो मुलामुलींना घरी काही सांगण्याची गरजच नव्हती. लग्नाआधी जोडीने पन्हाळ्याला जाण्याची प्रथा बावड्यात या मुलांनी रुळवली. गावाने आधी नाके मुरडली, मग बावडा मिसळीच्या टेबलाला टेबल लावून बसायला सुरुवात केली.

पुरुषमंडळींचा स्वतःचा प्रकार या सगळ्यात टिकून राहिला, तो म्हणजे रस्सा मंडळ. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे नीट समजत नाही. आठ-दहा मित्र वर्गणी काढतात, मटण, पातेली, लाकूड, कांदा-खोबरे घेऊन कुठल्या तरी रानात, नदीकाठी किंवा डोंगराच्या कुशीत जातात आणि दिवसभर स्वतः शिजवतात. हिवाळा हा त्याचा खरा हंगाम, कारण चुलीपाशी बसणे सुखाचे असते आणि पावसाची धास्ती नसते. तांबड्या रश्श्याला किती चटणी घालायची यावरून भांडणे होतात, पांढरा रस्सा फाटू नये म्हणून एकटा जाणता मित्र पळी हातातून सोडत नाही, आणि जेवण होईपर्यंत उन्हे कलतात. खेट्याच्या रविवारी मात्र यातले कुणीही मटणाचे नाव काढत नाही. जोतिबाचा वार रविवार, त्यामुळे कित्येक घरांत रविवारी चूल शाकाहारीच असते; रस्सा मंडळाची तारीख बुधवार-शुक्रवार पाहून ठरवावी लागते. देवाचा आणि जिभेचा असा समझोता इथे फार पूर्वीपासून आहे.

पन्हाळ्यावरचे खाणे मात्र सर्वांना चालणारे. गडावरच्या बायकांनी सुरू केलेल्या झुणका-भाकरीच्या टपऱ्या आज कोल्हापूरच्या हिवाळ्याचा भाग आहेत. चुलीवरची ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा, मडक्यातले दही. कितीतरी जोडप्यांनी आयुष्यातले पहिले ‘बाहेरचे जेवण’ म्हणून तेच खाल्ले आहे. २०११ च्या जनगणनेत पन्हाळ्याची वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. सुट्टीच्या दिवशी तेवढी माणसे दुपारपर्यंतच वर चढतात. पन्हाळ्यापलीकडचे मसाई पठार ज्यांनी पाहिले आहे त्यांना गर्दीवरचा उपाय ठाऊक आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ते फुलांनी भरते, डिसेंबरात गवत पिवळे पडते आणि वारा बोचतो. मसाईचे देऊळ, खालच्या अंगाला पांडवदऱ्याची लेणी आणि मैलोन्‌मैल सपाट. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्री निसटलेल्या शिवाजी महाराजांची पालखी याच पठारावरून गेली होती.

अडचणीही सांगायला हव्यात. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरच्या लोकांचे, पर्यटनावर पोट असणाऱ्यांचे हाल झाले. त्याच वर्षी डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहरात शिरला आणि पंचगंगेकाठच्या भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरून डोंगरातले जनावर खाली येऊ लागले आहे. उसाचे फड त्याला लपायला आयतेच. त्यामुळे अंधारात आडवाटेने एकट्या-दुकट्याने जाण्याची जुनी बेफिकिरी आता परवडणारी नाही. खेट्याला जाणाऱ्यांनी टोळक्यानेच जावे, हातात विजेरी ठेवावी. ३१ डिसेंबरच्या रात्री वाघबिळाच्या चढावर दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांना सांगण्यासारखे काही नाही. त्यांना पोलीसच सांगतात.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. कोल्हापूरकरांना त्याचा अभिमान वाटला तो रास्तच. पण तीन दरवाजाच्या आणि सज्जाकोठीच्या भिंती जवळून पाहाव्यात. खिळ्याने, चावीने, दगडाने कोरलेली नावे, मधे बदाम, खाली तारीख. काही तारखा तर पन्नास वर्षे जुन्या. त्यातल्या पुष्कळ जोडप्यांना आज नातवंडे असतील आणि ती नातवंडे पन्हाळ्यावर जात असतील. त्यांना कुणी तरी सांगावे: पन्हाळा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, आणि १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे अशा वास्तूवर नाव कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.